सरांच्या टाकीतले सोळा दगड

“…आणि इतकं सगळं जुळवूनही मासे मरत असतील, तर चूक कुणाची, चाचा? माझी की माशांची?”

उपळेकर सर दारातूनच बोलत आत आले. कराडच्या कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. प्रश्न विचारतानाही त्यांचा चेहरा असा असायचा, की उत्तर यांना आधीच ठाऊक आहे, आपली फक्त परीक्षा चालली आहे.

चाचांनी मान वर केली नाही. नळीने ते एका टाकीच्या तळाचा गाळ ओढून घेत होते.

चाचा म्हणजे दस्तगीर मुलाणी. पाणीपुरवठ्याच्या पंपावर आयुष्य काढलं आणि निवृत्त झाल्यावर घराच्या सोप्यात काचेच्या तीसेक टाक्या मांडून बसले. शोभेचे मासे वाढवायचे आणि विकायचे. विकायचे म्हणजे ज्याला द्यावासा वाटेल त्यालाच. लोक मासे न्यायला येत आणि पुष्कळदा चाचांचं एखादं वाक्य घेऊन रिकाम्या हाताने परत जात. कुणी त्यांना गुरू म्हटलं, की ते म्हणत, “आधी टाक्या पुसायला ये, मग म्हण.”

माझं शेजारीच घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मी तीन वर्षं टाक्या पुसतोय. अजून म्हणायची हिंमत झालेली नाही.

“बसा की, सर.”

“बसायला वेळ नाही. शुक्रवारी ताई येतेय.”

“मग उभ्यानं सांगा.”

सरांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. आलेखाच्या कागदावर आखलेला तक्ता होता. पाण्याचं तापमान, सामू, क्षार, माशाची लांबी, आहार. अक्षर मोत्यासारखं.

सरांच्या घरी चार फुटी टाकी होती आणि तीत एकच मासा. काळाकुळकुळीत, शेपटी तेवढी लालभडक. दुकानात त्याला शार्क म्हणतात, पण ते नावापुरतंच, कारण लांबीला तो माझ्या मधल्या बोटापेक्षा थोडा जास्त. चार वर्षांपूर्वी चाचांकडूनच नेलेला. त्याला सोबत म्हणून सरांनी गेल्या तीन महिन्यांत तीन मासे आणले होते.

“पहिला कुठला?” चाचांनी विचारलं.

“त्याचाच जातभाई. तीच जात, तेच वय. पुण्याहून आणला.”

“किती दिवस?”

“दीड.”

“दुसरा?”

“लोच. तळाशी राहते. अत्यंत शांत स्वभाव, तसं पुस्तकातच दिलंय. चार दिवस.”

“तिसरा?”

“मोठी गप्पी. लांब शेपटीची. ती वरच्या पाण्यात असते म्हणून आणली.” सर जरा थांबले. “सहा दिवस. आधी शेपटी गेली. मग ती गेली.”

मला हसू आलं. लगेच वाईटही वाटलं, कारण सरांचा आवाज शेवटच्या वाक्याला उतरला होता.

चाचांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून तक्ता वाचला. पुरता वाचला. मग होता तशा चार घड्या घालून परत दिला.

“अक्षर सुरेख आहे,” ते म्हणाले. “ह्यात पाणी जुळलंय.”

“तेच तर सांगतोय.”

“राहणं कुठाय?”

“म्हणजे?”

गाळाचं पाणी बादलीत पडत राहिलं.

“पहिला मेला,” चाचांनी विचारलं, “मग काय केलंत?”

“जे करायला हवं ते. पाणी बदललं, दगड काढून धुतले, परत लावले.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे काय? जागच्या जागी.”

“जागा ध्यानात राहते?”

इथे सर पहिल्यांदा खुलले. “ध्यानात ठेवायची गरजच नाही. सोळा दगड आहेत. प्रत्येकाच्या पोटाला पक्क्या रंगाने नंबर घातलाय. आराखडा टाकीशेजारी भिंतीवर आहे. चार वर्षांत एक दगड बोटभर इकडचा तिकडे झालेला नाही.”

“दुसरा मेला, मग?”

“तेच केलं.”

“तिसरा?”

“तेच.”

चाचांनी नळी खाली ठेवली.

“आणि शार्क कुठं राहतो?”

“सात नंबरच्या दगडाखाली. गुहा केलीय तिथे. पहिल्या दिवसापासून त्याची जागा ठरलेली आहे.” हे सांगताना सरांच्या आवाजात नातवाचं कौतुक करावं तसं काहीतरी होतं. सरांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे कौतुक करायला घरात तोच होता.

“ताई कोण म्हणालात?”

आता सर बसले. न सांगता, स्वतःहून बसले.

इंदूताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. वय सत्तर. बार्शीला मुलासोबत भाड्याच्या घरात राहायची. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला तो तिकडचाच झाला. ताईने परदेशी जायला साफ नकार दिला. घर सोडलं, भांडीकुंडी नात्यात वाटली आणि एक ट्रंक घेऊन ती शुक्रवारी भावाकडे यायची होती. कायमची.

“याआधी दोनदा आली होती,” सर म्हणाले, “राहायला म्हणूनच. पहिल्यांदा सहाव्या दिवशी गेली. दुसऱ्यांदा चौथ्या.”

“का?”

“हवा मानवत नाही म्हणाली.”

“कराडची हवा?”



“या वेळी गेली तर…” सर म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. “चाचा, या वेळी तिला जायला कुठे जागाच नाही. आणि तरी ती जाईल. मला ठाऊक आहे ती. म्हणून काळजी वाटते.”

चाचांनी बादली बाजूला सरकवली.

“घरात तिला एकच गोष्ट आवडली होती, ती म्हणजे टाकी. तासन् तास समोर बसायची. एकदा म्हणाली, भालू, हा एकटाच का रे? म्हणून ती यायच्या आत याला सोबत हवीय. टाकी भरलेली दिसली तर तिचं मन रमेल. बाकी मला काही नको.”

…

“देतो,” चाचा म्हणाले. “पण सोडायला मी येणार. आणि तितं मी सांगीन ते करायचं.”

“मान्य.”

“मान्य म्हणायची लई घाई झाली, सर.”

मग चाचा खुर्ची घेऊन एका टाकीसमोर बसले. वीस-पंचवीस रोझी बार्ब त्यात इकडून तिकडे सुळसुळत होते. अंगावर तांबूस सोनेरी झाक असलेले, दोन-अडीच इंची. चाचांनी त्यातले सहा हेरले. कुठले सहा आणि का, ते मला आजवर कळलेलं नाही.

“सहा?” सर दचकले. “त्याला एक सहन होत नाही.”

“एक न्हाई होत म्हणूनच सहा. एक दिला तर त्याच्याच मागं लागंल. सहांच्या मागं लागून दमंल बिचारा.”

“पण तळाशी जागा किती आहे ते—”

“ह्यांचं तळाशी कामच न्हाई. वर आन् मधी फिरणार. अंगात चपळाई आहे, शेपूट आखूड आहे, काळा रंग न्हाई. त्याला आपल्यासारखं दिसणारं खपत न्हाई, एवढं तुमच्या जातभाईनं शिकवलंच की.”

सरांनी कागदाच्या मागच्या बाजूला हे सगळं टिपून घेतलं. मग पेन खिशाला लावत म्हणाले, “एकूण सोबती निवडण्यातच माझं चुकलं. आता प्रश्न सुटला.”

“निम्मा,” चाचा म्हणाले आणि पुन्हा नळी उचलली.

गुरुवारी सकाळी आम्ही सरांच्या घरी गेलो. माशांची पिशवी चाचांच्या हातात, रिकामी मोठी बादली माझ्या.

सरांचं घर मी पहिल्यांदाच पाहत होतो. दाराबाहेर चपलांसाठी खडूने रेघ आखलेली होती. चाचांनी आपल्या वहाणा काळजीपूर्वक रेघेवर ठेवल्या. मीही ठेवल्या. सरांनी माझी एक चप्पल पायाने किंचित सरळ केली.

आत पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. किल्ल्यांच्या खिळ्यांखाली चिठ्ठ्या. धूळ औषधालाही नव्हती.

“आधी ही खोली बघा,” सर उत्साहाने म्हणाले आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले. ताईची खोली तयार होती. नवी कोरी चादर, पंखा, आरसा, पाण्याचा तांब्या, जपमाळ ठेवायला कोनाडासुद्धा. “सगळं इथेच केलंय. तिला बाहेर कशाला म्हणून यावं लागणार नाही. घरातली एक वस्तू हलवावी लागली नाही मला.”

“छान आहे,” चाचा म्हणाले.

मला ती खोली खरंच छान वाटली. सरांनी मनापासून केली होती.

बैठकीच्या खोलीत टाकी होती. काच इतकी स्वच्छ, की आधी पाणीच दिसलं नाही. दगड खरोखर आराखड्यातल्याप्रमाणे. सात नंबरच्या दगडाखालून लाल शेपटी तेवढी बाहेर डोकावत होती.

“बादलीत ह्याच टाकीचं पाणी घ्या,” चाचा म्हणाले. “आन् आधी घरधनी काढा.”

“त्याला कशाला? सोडायचे नवे आहेत.”

“काल मान्य म्हणालात.”

सरांनी जाळीने शार्कला धरलं. पाच मिनिटं लागली, कारण तो सात नंबर सोडायला तयार नव्हता. शेवटी बादलीत गेला. चाचांनी वरून टॉवेल टाकला.

“आता दगड.”

चाचांनी बाह्या कोपरांच्या वर सारल्या आणि पहिला दगड उचलून दुसऱ्या टोकाला ठेवला. मग दुसरा. तिसरा त्यांनी उलटा केला, तेव्हा त्याच्या पोटावरचा पांढरा चौदाचा आकडा दिसू लागला.

सरांनी भिंतीवरच्या आराखड्याकडे पाहिलं. मग टाकीकडे. घसा खाकरला. अजून दोन दगड हलले तेव्हा त्यांना राहवलं नाही.

“चाचा, ही रचना मी महिनाभर बसून केली होती.”

“दिसतंय की.”

“ती सगळी बिघडतेय.”

“व्हय.”

…

पंधरा दगड झाले. सातवा राहिला. चाचांनी हात बाहेर काढला आणि पाणी निथळू दिलं.

“हा तुम्ही.”

“हा राहू दे,” सर म्हणाले. “बाकीचे हलवलेत, ठीक आहे. ही त्याची गुहा आहे. चार वर्षं तो इथे राहिलाय. निदान स्वतःची एवढी एक जागा तरी त्याला…”

चाचा टाकीपासून एक पाऊल मागे सरले. माझा बिनकामाचा हात बादलीच्या कडीवर होता, तो तिथेच ठेवला.

सरांनी शर्टाची बाही दुमडली. एक घडी, दुसरी घडी, तिसरी, तंतोतंत सारख्या. हात पाण्यात घातला आणि सातवा दगड उचलला. उचलून तसेच उभे राहिले. दगडाचं पाणी त्यांच्या कोपरावरून फरशीवर ठिबकत होतं, आणि त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही.

“कुठे ठेवू?”

“कुठंबी.”

“कुठंही म्हणजे मला कळणार कसं?”

“कळू नये म्हणूनच.”

सरांनी डोळे मिटले. खरंच मिटले, मी पाहिलं. आणि दगड ठेवून दिला. मग चाचांनी बाकीच्या दगडांचे इथे-तिथे चार-पाच आडोसे केले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता.

बार्बची पिशवी तोंड बांधलेली तशीच पाण्यावर तरंगत ठेवली. पिशवीतलं आणि टाकीतलं पाणी एकसारखं कोमट व्हायला वीस मिनिटं द्यावी लागतात. तेवढ्यात सरांनी चहा केला.

“मागच्या वेळी,” चाचांनी बशीत चहा ओतत विचारलं, “ताई चौथ्या दिवशी गेल्या. भांडण झालं का?”

“छे. आम्ही बहीणभाऊ जन्मात भांडलो नाही.”

“मग?”

“काहीच नाही झालं. फार तर… स्वयंपाकघरातले डबे तिने हलवले होते. चहासाखर खालच्या फळीवर घेतली होती. तिचा हात वर पुरत नाही.”

“मग?”

“मग ती आंघोळीला गेल्यावर मी ते परत जागेवर लावले. तिला एका शब्दाने बोललो नाही. उगाच मन कशाला दुखवायचं?”

“मग?”

“तिने परत खाली घेतले. मी परत लावले.”

“कितीदा?”

“तीनदा.” सरांनी कप खाली ठेवला. “चौथ्या दिवशी तिने सामान भरलं. हवेचं कारण सांगून.”

मी काहीतरी बोलणार होतो. चाचांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला, आणि चांगला वजन देऊन ठेवला. मी चहा पिऊन टाकला.

पिशवी उघडली. थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घालून मग चाचांनी सहा बार्ब एकेक करून जाळीने टाकीत सोडले. आधी सगळे एका कोपऱ्यात जमले, लग्नात अनोळखी पाहुणे जमतात तसे. मग एकाने धीर केला. त्याच्यामागे दुसरा. अर्ध्या तासात त्यांनी वरचं आणि मधलं सगळं पाणी हिंडून घेतलं.

“आता घरधनी,” चाचा म्हणाले. “शेवटी.”

शार्क पाण्यात पडला तो तडक डावीकडे गेला, जिथे सात नंबर असायचा तिथे. तिथे वाळू होती. तो थबकला. वळला. पुन्हा त्याच जागी आला आणि पुन्हा थबकला.

सर श्वास रोखून पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं ते त्याला समजावत होते.

एक बार्ब अगदी त्याच्या नाकासमोरून गेला. शार्कने झेप घेतली… आणि अर्ध्यात सोडून दिली. राखायला काही नव्हतंच. तो एका आडोशात शिरला, बाहेर आला. दुसऱ्यात शिरला. चौदाचा आकडा वर असलेल्या त्या उलट्या दगडाला त्याने दोनदा फेरी घातली. जाताजाता एक बार्ब त्याच्या शेजारी रेंगाळला, तरी त्याने नुसतं पाहिलं.

असा तास गेला. कुणी उठलं नाही.

“पाठलाग नाही,” सर हलकेच म्हणाले. “एकदाही पुरता पाठलाग नाही.”

“आठ दिवस नजर ठेवायची,” चाचा म्हणाले. “खायला थोडं थोडं, दिवसातनं दोनदा. एका जागी टाकायचं न्हाई, दोन जागी. आन् महिन्यानं धुताना नंबर बघायचे न्हाईत.”

“नाही बघणार.”

सर हसले. ते इतके मोकळे हसू शकतात हे मला माहीत नव्हतं. “एकतीस वर्षं पोरांना शिकवलं, चाचा. आणि चार फुटांच्या टाकीत मला हे दिसलं नाही. तुमचे पाय धरायला हवेत.”

“हात ओले आहेत तुमचे,” चाचा म्हणाले.

मलाही फार बरं वाटत होतं. सहा नवे आणि एक जुना, सगळे सुखरूप पोहत होते. उन्हाची तिरीप टाकीत आली होती आणि बार्ब तीत शिरले की तांब्यासारखे चमकत होते. आता फक्त ताई यायची बाकी होती.

सर टाकीसमोरच्या आपल्या आरामखुर्चीत जाऊन बसले. खोलीत तेवढी एकच खुर्ची टाकीकडे तोंड करून होती. त्यांनी पाय लांब केले आणि मान मागे टेकवली.

“उद्या ताई आल्या आल्या हे दाखवतो,” ते म्हणाले. “काय खूश होईल ती. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून इथे बाजूला बसते नेहमी. बसेल आणि बघेल.”

चाचांनी टॉवेलने हात पुसले. बाह्या मात्र खाली केल्या नाहीत. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून आतल्या वरच्या फळीवर ओळीने लावलेले डबे दिसत होते, तिकडेही पाहिलं.

…

“उठा, सर,” चाचा म्हणाले. “खुर्चीला एका बाजूनं तुम्ही धरा.”